वहिनीच्या हातचं मीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला तर नाहीच. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. मी धट्टाकट्टा आहे, दोन वेळा जेवतो, मला झोप लागते. सांगतोय ते एवढ्यासाठी, की माझा एक दोष चार वर्षं दुसऱ्याच्या माथी होता — माझ्या वहिनीच्या — आणि अजून आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शिरूर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवस्तीतला मी पहिला बी.ए. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि पुढचं वाचून तुम्हाला काहीही वाटलं तरी तो राहणार. शिकून माणूस बिघडतो असं म्हणायला जे टपलेले असतात, त्यांनी हा कागद मिरवू नये. शिक्षणानं मला बिघडवलं नाही. जे केलं ते मी केलं.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी शिरूरला कचेरीत कारकून लागलो होतो. आई दौंडला दादाकडं असायची. दादा ठेकेदाराच्या हाताखाली इंजिनांत कोळसा भरायचा. रुळांच्या पलीकडं दोन खोल्यांत त्याचा संसार. आईचं डोकं ठणकायला लागलं — सकाळी उठली की मानेपासून वर. घेरी यायची. दादानं निरोप धाडला, तू ये, डॉक्टरशी तूच बोल. आमच्यात तसंच होतं. डॉक्टर असो, तलाठी असो, कोर्टाचा कागद असो — बोलणार मी.

डॉक्टरनं आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पाऱ्याकडं बघितलं, परत दाबला. मग मला विचारलं, शिकलेले दिसता? मी म्हणालो, बी.ए. आहे. त्यानंतर तो जे बोलला ते इंग्रजीत. भराभर. ब्लड प्रेशर हाय आहे हे मला समजलं. मीठ कमी करायचं हे समजलं. रोज एक गोळी हेही समजलं. आणि बाकीचं? माझं इंग्रजी पुस्तकातलं. कानावर ते कधी पडलंच नव्हतं. समजलं ना, असं त्यानं शेवटी विचारलं. मी मान हलवली.

बाहेर बाकावर बसल्यावर आई म्हणाली, "किती दिस घ्यायच्या रं ह्या गोळ्या?"

डॉक्टरचं दार पाच पावलांवर होतं. उघडं होतं. आत जायचं, मराठीत विचारायचं, त्यानं मराठीत सांगितलं असतं — माणूस वाईट नव्हता, त्याच्यावर ढकलायचं असतं तर केव्हाच ढकललं असतं. पण मग आईला, दादाला, बाकावरच्या सगळ्यांना कळलं असतं की बी.ए.ला कळलं नाही.

"डोकं ठणकायचं थांबेपर्यंत," मी म्हणालो. "मग बंद."

हे अज्ञान होतं का? नाही. मला माहीत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

महिन्याभरात डोकं ठणकायचं थांबलं. आईनं गोळ्या बंद केल्या आणि गल्लीत सांगत सुटली, "माझ्या लेकानं बरं केलं मला."

आता तुम्ही म्हणाल — त्या काळी खेड्यातल्या माणसाला ब्लड प्रेशरचं काय कळणार? थांबा. इथंच थांबलं असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

आमच्या कचेरीत एक हेडक्लार्क होते. रोज डबा खाल्ला की खिशातून पुडी काढून एक गोळी घ्यायचे. एकदा मी सहज विचारलं, अजून बरं वाटत नाही का? ते हसले. "मला काय होतच न्हाई हो. तरी घ्यायची. गोळीनं प्रेशर खाली राहतं. सोडली की परत चढतं, आन् चढलेलं कळत न्हाई, हाच त्याचा डाव. जन्माचं गिऱ्हाईक हाय मी."

मला कळलं. उशिरा — पण वेळेत.

दौंडला रोज एस.टी. जायची. गेलो नाही. पोस्टकार्ड घेतलं, 'गोळ्या पुन्हा सुरू करा' एवढं लिहिलं. मग वाटलं, हे दादाच्या शेजारचे मास्तर मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि कुणीतरी विचारणार — मग आधी बंद का करायला सांगितलं? कार्ड फाडलं. एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी आई चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. वहिनीच्या हाताला मीठ जास्त, ही आमच्याकडं लग्नापासूनची थट्टा — तिच्या हातचं कालवण खाऊन माणूस हंडा रिकामा करतो म्हणायचे. त्या दिवशी त्या थट्टेचा आरोप झाला. मामा म्हणाले, "मिठानंच केलं हे. हिचा हात कवा आवरलाय?" मग सगळे माझ्याकडं वळले. "तू सांग रं. डाक्टर काय म्हणला व्हता?"

मी म्हणालो, "मीठ कमी करा म्हणाला होता. मी वहिनीला सांगितलं होतं."

यातला शब्द अन् शब्द खरा आहे. याच्याएवढं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

वहिनी पदरानं आईच्या तोंडाची लाळ पुसत राहिली. चार वर्षं तिनं आईचं हगणं-मुतणं काढलं, कूस बदलली, घास भरवला. मी गेलो की ती वाटी घेऊन यायची. "भावजी, तुमी शिकलेलं. चाखून बघा, मीठ जास्त न्हाई ना?" मी चाखायचो. पेजेत मीठ नसायचंच. मी म्हणायचो, बरोबर आहे. दादा कोपऱ्यातून म्हणायचा, "बघूनच दे. एकदा वाचा घालवलीस."

दर खेपेला चाखलं मी. एकदाही घशात अडकलं नाही.

आई गेली. पुण्यानुमोदनाला पंचशील मी म्हणालो, खणखणीत आवाजात. खोटं बोलणार नाही हे शील त्यातच येतं. तेही म्हणालो, मागून वहिनी म्हणाली. उच्चार लई साफ हायेत, असं म्हातारे म्हणाले. मग पंगतीआधी वहिनी आमटीची पळी घेऊन आली, सगळ्यांदेखत, आणि माझ्यापुढं धरली. पाहुण्यांसाठीची आमटी — तीही अळणी. मी चाखली. "बरोबर आहे," म्हणालो. माणसं तशीच जेवून गेली.

हे छापून येईल. दादाला कुणीतरी वाचून दाखवील, दाखवू दे. मामा विचारतील, विचारू दे. तोंडावर सांगायला मी आता दौंडला जाणारच आहे.

गोळ्या माझ्या सांगण्यानं बंद झाल्या. खरं कळल्यावरही मी गप्प बसलो. आणि डॉक्टरकडून आलो त्याच दिवसापासून वहिनीनं घरातलं मीठ निम्म्यावर आणलं होतं. मला ते माहीत होतं. आई पडायच्या आधी मी दोनदा वहिनीच्या हातचं जेवलो होतो.