आम्ही फांदी मागितली होती

आमच्या मुलींच्या शाळेसमोर, रस्त्याच्या कडेला एक जुना कडुलिंब होता. त्याची माणसाच्या मांडीएवढी जाड फांदी वाळून बरोबर फाटकावर आली होती. गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका होतो, मोठ्या बाई आणि नव्याने लागलेली मी.

झाडं छाटणं हाच धंदा असलेले एक चाचा गावात राहत. आसपासच्या आमराया त्यांच्याच हातच्या. मी त्यांना बोलावलं. त्यांनी वर चढून कुऱ्हाडीच्या पाठीने फांदी ठोकून पाहिली आणि खाली येऊन म्हणाले, "बाई, हे अंदरून पोकळ हाये. वारा नसला तरी पडन. आताच उतरवली तं झाडाले काही होत नाही."

"मग उतरवा ना, चाचा."

"झाड सरकारी हाये. बिनापरवानगी हात लावला तं मलेच धरतीन."

मी कचेरीत अर्ज दिला. कारकुनाने तो वाचून विचारलं, "फांदी पडली काय?"

"पडू नये म्हणूनच लिहिलंय."

"पडलीच नाही, तं पंचनामा कायचा करू?"

आजही हे वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. मी आणखी दोन अर्ज दिले. मुलींना मागच्या कुंपणातून ये-जा करायला लावलं. मोठ्या बाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना ते कुंपण ओलांडता येईना. त्या फाटकातूनच येत.

चैत्रातल्या एका सकाळी त्या आत येत असताना फांदी कोसळली. मी पळत गेले, तर बाई मातीत बसलेल्या, उजवा खांदा विचित्र खाली उतरलेला. "पोरी कुठं हायेत?" एवढंच त्यांनी विचारलं. छकड्यातून त्यांना दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. फळ्याच्या वरच्या भागावर त्यांना कधी लिहिता आलं नाही.

तीन अर्जांना न आलेले कचेरीतले साहेब अपघातानंतर चौथ्या दिवशी हजर झाले. सोबत कारकून आणि कुऱ्हाडी घेतलेले चार मजूर. "झाड धोक्याचं आहे, बुडापासून तोडा," त्यांनी हुकूम दिला.

माझा आवाज चढला. "साहेब, आम्ही फांदी मागितली होती, झाड नाही. भर उन्हाळ्यात मुलींची सावली कशाला नेता?"

जमलेल्या लोकांतून चाचा पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "हुजूर, बाकी झाड जितं हाये. दोन फांद्या वजनानं वाकल्या, त्या हलक्या केल्या तं भेव नाही." तोडताना आधी खालून चीर द्यायची, मग वरून, म्हणजे साल सोलत खोडापर्यंत जात नाही, हेही त्यांनी समजावलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मजुरांना परत पाठवलं आणि चाचांना परवानगी दिली.

चाचांनी तीन दिवस दोर बांधून एकेक फांदी अलगद खाली सोडली. कौल फुटलं नाही की कुणाला ओरखडा आला नाही. एवढंच काम होतं ते. बाईंचा खांदा मोडण्याआधीही तीनच दिवसांचं होतं.

मग कारकून सहीसाठी कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं: अचानक आलेल्या वावटळीने अपघात.

"त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं," मी म्हटलं.

"बाई, सही करा अन् मोकळ्या व्हा. काऊन वाढवता?"

मी सही केली, पण सहीच्या वर लिहिलं: वारा नव्हता. तीन अर्ज दिले होते.

पावसाळ्याच्या आत माझी बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मात्र नव्या गावी पोचल्यावर सामान सोडायच्या आधी मी शाळेभोवतीची झाडं पाहून आले.