फुलसावंगीच्या विहारात केनियाचा सिनेमा

यवतमाळहून एसटी सुटली तेव्हा ग्रेसच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. ग्रेस केनियाची. पुण्यात सिनेमा शिकते, माझ्याकडे भाड्यानं राहते. तिचा पहिला सिनेमा युरोपातल्या एका महोत्सवाला हवा होता, पण एका अटीवर. सिनेमात बापाच्या अंत्यविधीला मुलगी माइकवर बोलते. ते म्हणे फार शहरी वाटतं. तिथं ढोल घाला, आफ्रिका दिसली पाहिजे. पोरीनं भाषण कापून ढोल घातलाही. सोमवारी पाठवायचा होता आणि तिला झोप येईना. "आफ्रिका न पाहिलेल्यांना आधी दाखवते," म्हणाली. मग मला फुलसावंगीची सुनंदा आठवली, माझी कॉलेजातली मैत्रीण.

आर्णीला चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, "तुमच्याकडं वाघ लय असतीन न, मॅडम?"

"आमच्याकडे वाघ नाहीतच," ग्रेस मोडक्या हिंदीत म्हणाली. "वाघ तुमच्या जिल्ह्यात आहेत. मला अजून एकही दिसला नाही."

तो विचारात पडला. मीही पडले, कारण मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं, तिकडे वाघ असणारच असं बहुधा धरूनच चालले होते.

फुलसावंगीत पौर्णिमेची वंदना आटोपली होती. खीर वाटून झाली, खिडक्यांना चादरी बांधल्या आणि पांढऱ्या साड्यांतल्या बाया विहारातच बसून राहिल्या. सिनेमा सुरू झाला, खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी माइकवर मराठीत सांगू लागले. पडद्यावर मंडप आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, फुलांमधला म्हाताऱ्याचा फोटो आला, आणि अख्खं विहार हात जोडून उठून उभं राहिलं.

"जातायत का सगळे?" ग्रेस घाबरली. मला तरी काय ठाऊक!

सुनंदा कुजबुजली, "अगं, पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसासाठी जमून बोलायचा कार्यक्रम) आहे न. बसून कसं राह्याचं?"

"फोटोतला तो ग्रेसचा मामा आहे. धडधाकट आहे, गॅरेज चालवतो."

"मंग आता बसवू का सगळ्यायले?"

तेवढ्यात पडद्यावरची मुलगी माइकजवळ गेली आणि ढोलावर नाच सुरू झाला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. नाच बघावा तर हात जोडलेले, हात सोडावेत तर समोर फोटो.

सिनेमा संपल्यावर सुनंदाची सासू, जिजाआजी, पुढं आली. "पोरगी माइकजवळ गेली अन् मंधातच (मध्येच) वाजवायले लागले. तिले काहून नाही बोलू देलं? आमच्यात पोरगी बोलल्याबिगर कोणी घरी जात नाही."

मी ते ग्रेसला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "ती बोलली होती. मीच कापलं."

हे ऐकून आजीनं माझ्या हातातला माइक काढून तिला दिला. "मंग आता बोल म्हणा."

ग्रेस तिच्या भाषेत ते भाषण बोलू लागली. मला एक अक्षर कळेना. अर्थ विचारायला मी मध्ये वाकले, तर आजीनं माझा हात धरला. "थांब वं बाई. पुरं होऊ दे तिचं."

कुणी हललं नाही. मला रडू आलं, कशाचं ते आजही सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत ग्रेसनं लॅपटॉप उघडला. ढोल मागणारे आफ्रिका फिरूनही आले असतील. जिजाआजी तिकडे कधी जायची नाही. मग खरी आफ्रिका कुणाला कळली? मला या प्रश्नाचं टोकच सापडेना.

"भाषण परत घातलं तर ते घेणार नाहीत," ग्रेस म्हणाली. तिला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं. तिला अडवावं असंही वाटत होतं आणि अडवू नये असंही.

तिनं बटण दाबलं. ढोल गेला, आणि मुलगी बोलू लागली.