जाऊबाईंनी फोडलेली काच

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आधी हात चाले, मग तोंड. एकदा जेवताना भावोजींनी मिठाची चूक काढली, तर त्यांच्या कपाळावर वाटी बसली. ती खूण भावोजी पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

आमचे हे गेल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला गेले. पुढच्या खोलीत जाऊबाईंचं दहा सुयांचं भरतकामाचं मशीन होतं. गणवेशांवर नावं आणि चिन्हं भरून देणं हा त्यांचा धंदा. चिन्ह आधी कॉम्प्युटरवर टाक्यांमध्ये बसवावं लागे. त्यासाठी त्यांनी साठवलेलं सगळं मोडून नवा प्रोग्रॅम घेतला, कारण एका मोठ्या हॉस्पिटलचं कायमचं काम मिळणार होतं.

हॉस्पिटलने फाईल पाठवली आणि ती उघडेना. प्रोग्रॅमचं पुढचं व्हर्शन त्याच आठवड्यात बाजारात आलं होतं आणि फाईल त्यातली होती. आम्ही दोघी दुकानात गेलो.

"नुकतं घेतलेल्यांना कंपनी अपग्रेड फुकट देते," दुकानदार म्हणाला. "पण तारीख धरतात ती खोकं आमच्याकडे आलं त्या दिवसाची. तुमचं खोकं गेल्या वर्षीचं."

"ते तुझ्या फळीवर झोपलं होतं, त्याचा भुर्दंड मला?"

"बाई, काल चप्पल घेतली आणि आज नवी फॅशन आली, तर बदलून मागता का?"

"कालची चप्पल आजच्या रस्त्यावर चालते रे मुडद्या! तुझा प्रोग्रॅम आजची फाईल उघडत नाही."

"कंपनीचे इंजिनिअर काय फुकट राबतात?"

"जुन्या गिऱ्हाइकाकडून पैसे घे की! वर्षानुवर्षं वापरला असता तर मीही गुपचूप भरले असते. माझ्या खोक्याचं प्लास्टिक अजून कचऱ्याच्या डब्यात आहे! नवं येतंय हे तुला ठाऊक होतं का?"

"धंदा आहे, बाई. जुना माल काढावाच लागतो."

हे तो हसत म्हणाला, तिथेच चुकला. जाऊबाईंनी काउंटरवरचं लोखंडी स्टँड उचललं. पहिल्या फटक्याला मागच्या कपाटाची काच खळकन खाली आली. दुसरा त्याच्या भुवईवर बसला. बिलांवर रक्त टपटपायला लागलं. रखवालदार धावला आणि त्याने त्यांचा उजवा हात मागे पिळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तरी त्यांनी त्याच्या दंडाला असा चावा घेतला, की तो गडी आईच्या नावाने ओरडला.

पोलीसचौकीत तडजोड झाली. दुकानदाराने मारहाणीची तक्रार मागे घ्यायची, जाऊबाईंनी दुकानावरचा आणि कंपनीवरचा हक्क सोडायचा. प्लास्टरमुळे त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर कंपनीने नियम बदलला. तारीख गिऱ्हाइकाच्या बिलाची धरायची आणि नुकतं घेतलेल्या सगळ्यांना नवं व्हर्शन फुकट द्यायचं. हक्क सोडलेल्या जाऊबाई तेवढ्या वगळल्या. हॉस्पिटलही थांबलं नाही.

एका दुपारी समोरचा भरतकामवाला केक घेऊन आला. त्याच्या संथपणावरून जाऊबाई त्याला गोगलगाय म्हणत.

"वहिनी, तुम्ही रक्त सांडलंत म्हणून कंपनी हलली. मला फुकट मिळालं."

"आणि हॉस्पिटल?"

तो चुळबुळला. "ते... मलाच दिलंय."

प्लास्टरचा हात त्याच्या तोंडावर आदळला. दात केकवर पडला, प्लास्टर तडकलं आणि दोघंही एकाच सुरात किंचाळली.

भावोजी धावत आले. "अगं, माणूस आभार मानायला आलाय!"

"मानले ना? जा म्हणावं आता!"

त्या फटक्याने सांधत आलेलं हाड पुन्हा सरकलं, ते वाकडंच जुळलं. बोटं मिटेनात, सुईत दोरा जाईना. शेवटी मशीन विकायला काढलं. मोठं काम हातात असलेला एकच जण होता. गोगलगाय आला, भावात घासाघीस न करता मशीन घेतलं. हमाल ते जिन्यावरून उतरवत असताना जाऊबाई दारात उभ्या राहिल्या.

"सातवी सुई ताठर आहे. तिला घाई केलीस तर येऊन तंगडं मोडीन."

"हो वहिनी," तो म्हणाला आणि घाईघाईने दोन पायऱ्या खाली सरकला.