शेंदूर लावलेली मूठ

आता ऐकाच! आणि हसायचं तर शेवटी हसा, कारण मी अजून वैतागलेलाच आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. अंधेरीला मरोळच्या रस्त्यावर आमची बैठी चाळ. दाराला बिडाची जुनी मूठ होती. जाडजूड पट्टी, मधोमध गोल गुंडा, वर स्क्रूची दोन भोकं, खाली कुलूप अडकवायचं कडं. पावसाळ्यात एवढी गंजायची की हात लावला की हात तांबडा! म्हटलं, यंदा रंग असा द्यायचा की नातवंडांनी नाव काढावं.

हार्डवेअरवाला म्हणाला, "साहेब, नुसता काळा फासाल तर पोपडे निघतील. मूठ उतरवा, गंज घासा, आधी शेंदराचं अस्तर द्या. ते कडक वाळलं की मग काळा."

झालं! शुक्रवारी संध्याकाळी मूठ उतरवली, पॉलिश पेपरनं घासली, अळशीच्या तेलात शेंदूर कालवून झकास थापला. तर आमच्या सौ. नाकाला पदर लावून, "अहो, ते आधी बाहेर न्या!"

नेली. अंगणातल्या पिंपळाखाली दगडावर उभी टेकवली. सगळीकडून वारा लागावा म्हणून हो! दुसरं काय माझ्या मनात?

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी मुलुंडला माझ्या मेहुण्याचा साखरपुडा. मी थोरला जावई, मानाचा पाट माझा! काळा रंग मागाहून; तूर्त मूठ बसवायची, कुलूप घालायचं आणि निघायचं. सकाळी दार उघडतो तर पिंपळाखाली घंटा वाजतेय!

धावलो. माझ्या मुठीवर रुईची माळ! समोर नारळ, उदबत्त्या, आणि बायकांची ही गर्दी. कोपऱ्यातल्या खोलीतले मालवणी दाजी मोठ्यानं सांगत होते, "देव सपनात ईल्लो माझ्या! रातभरात परगट झालो!"

"दाजी, अहो ती माझ्या दाराची मूठ आहे!"

"मेल्या, देवाक मूठ म्हणतंस? जीभ झडात तुझी!"

"ती बघा, स्क्रूची भोकं!"

"भोकां? डोळे आसत ते!"

मी वाकून पाहिलं, तर खरंच डोळे दिसत होते. गुंडा नाक झाला होता, कडं तोंड झालं होतं. मी हात पुढे केला, तर मागून चार जणी ओरडल्या, "चपला काढा!" मी काढल्या. कुणीतरी कपाळाला शेंदूर लावला. परत आलो तो रिकाम्या हातानं.

सौ. शालू नेसून तयार. "मूठ कुठाय?"

"तिची आरती चाललीय."

दुसरी मूठ आणायला दुकानावर पळालो. दुकान बंद! दुकानदार कुठे? पिंपळाखालच्या रांगेत, नारळ घेऊन! बरं, शेजाऱ्यांना घराकडे लक्ष द्यायला सांगावं, तर अख्खी चाळ टाळ्या वाजवतेय.

"घर उघडं टाकून मी तुम्हाला येऊ देणार नाही," सौ. म्हणाल्या. "माझ्या भावाचा साखरपुडा आहे, मी निघाले. तुमची मूठ, तुमचं दार, तुम्ही बसा."

आणि गेल्या की हो! तिकडे माझ्या पाटावर धाकटा साडू श्रीखंड ओरपणार, आणि मी इकडे उंबऱ्यावर उपाशी राखण करणार. असा संताप झाला म्हणून सांगू!

संध्याकाळी दाजी खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आले. "घे रे. आरतीक नाय ईलंस? दारात कित्याक बसलंस?"

"दाराला मूठ नाही म्हणून!" मी खेकसलो.

दाजी जवळ सरकले. "मगे देवाक सांग मा. नवसाक पावता तो!"

पोटात कावळे ओरडत होते, भांडायचंही त्राण नव्हतं. मी प्रसाद डोक्याला लावून तोंडात टाकला, पिंपळाकडे वळून हात जोडले आणि डोळे मिटून, देवाशपथ सांगतो, माझ्याच मुठीकडे एक मूठ मागितली!