बँडसरांची दुसरी धून

जगात बेसूर असं काही नसतंच, सूर फक्त लवकर येतो किंवा उशिरा येतो, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो म्हणजे आमच्या शाळेचे बँडसर. सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते, आणि माझा वर्ग बँडच्या खोलीला लागून आहे. मधली भिंत नावालाच. त्यामुळे कित्येक वर्षं मी जे काही शिकवलं ते ट्रम्पेटच्या साथीनं. मी फळ्यावर ‘करुण रस’ लिहावं आणि पलीकडून गाय हरवलेल्या वासरासारखा हंबरडा यावा. मुलांना करुण रस लगेच समजायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

सरांचा जन्म विणकरांच्या घरातला, घरची भाषा तेलुगू. त्यांच्या काकांचा लग्नाचा बँड होता. वरातीत डीजे आला आणि तो बँड बसला. तेव्हा काकांची पोचे पडलेली वाद्यं सरांनी रिक्षात घालून शाळेत आणली आणि तेलुगू आकड्यांवर बँड सुरू केला. “ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु!” मोहोळकडची शेतकऱ्यांची पोरंसुद्धा त्याच आकड्यांवर पावलं टाकायची. कवायतीचे सर ‘एक दोन एक’ म्हणाले की बँडची रांग गोंधळून एकमेकांच्या टाचा तुडवायची. गणिताच्या सरांनी तक्रार केली, तर हे म्हणाले, “मराठीत चार म्हटलं की पोरं थांबतात हो. नालुगुला कशी पुढं सरकतात बघा.”

माणसांकडे ते ओठांवरून बघत. आठवीची नवी मुलं आली की नाव विचारायच्या आधी म्हणत, “ओठ दाखव.” पातळ ओठ ट्रम्पेटला, जाड ओठ मोठ्या वाद्याला, आणि ज्याचे ओठ कशालाच बसत नाहीत तो ड्रमला. नव्या मुख्याध्यापिका हजर झाल्या त्या दिवशी सगळे गुच्छ घेऊन उभे होते. सर त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि भारावून म्हणाले, “मॅडम, तुम्ही क्लॅरिनेट वाया घालवलं.” बाईंना हा अपमान की गौरव ते आजतागायत कळलेलं नाही.

पहिला महिना तर ते मुलांना वाद्य देतच नसत. नुसता तोंडाशी लावायचा पितळी तुकडा द्यायचा आणि फुंकायला लावायचं. तीस-चाळीस पोरं एकदम फुंकू लागली की मैदानापलीकडच्या झाडावरचे कावळे उडत. एकदा मागच्या वस्तीतले एक गृहस्थ धोतर सावरत धावत आले. “काय ओ, साळंत म्हस अडलीय का?” सर शांतपणे म्हणाले, “नाही, आठवी ब आहे.” त्यांचा दुसरा नियम जेवणाचा. शेंगाचटणी-भाकरी खाल्ली की चूळ भरल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही. “भाकरी खाऊन फुंकलं की आत दुसरी भाकरी तयार होते,” असं ते म्हणत. एकदा एका ट्रम्पेटमधून त्यांनी खरंच चटणी काढून दाखवली होती.

या बँडला एकच धून येत असे. पंधरा ऑगस्टला तीच कच्चीपक्की, स्नेहसंमेलनाला तीच, पाहुणे आले तरी तीच, आणि एकदा शोकसभेला तीच अगदी सावकाश वाजवली, तर लोक म्हणाले, किती समर्पक! मी एकदा चेष्टेनं विचारलं, “सर, दुसरी का नाही बसवत?” ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, माझा बँड फेब्रुवारीत तयार होतो आणि मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसतो. जूनमध्ये पुन्हा पितळी तुकडा.” मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच एक धून गुणगुणून दाखवली. तीन मात्रांच्या ठेक्यातली, संथ, कुठं तरी जाऊन परत येणारी. त्यांची स्वतःची. तरुणपणी बांधलेली, आणि कुणीच कधी न वाजवलेली. “मी एकटा वाजवून उपयोग नाही,” ते म्हणाले. “ती सगळ्यांनी मिळून वाजवायची आहे. मला एकदा नुसतं उभं राहून ऐकायचंय.”

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी त्यांनी हट्टच धरला. मे महिन्यात, सोलापूरच्या त्या उन्हात, पोरांना बोलावलं. वाद्यं इतकी तापत की ओले रुमाल गुंडाळून धरावी लागत. त्या तुकडीत एक मुलगी होती, अंगानं काडी, पण वाजवायची तिच्याहून मोठं वाद्य. ती ते उचलायची नाही, ते तिला उचलून आणतंय असं वाटायचं. पण फुंकायला लागली की आमची भिंत थरथरायची. दिवाळीपर्यंत पहिली धून बसली. असं कधी घडलं नव्हतं. दिवाळीनंतर दुसरी सुरू झाली आणि मी वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबू लागले. मुलं विचारत, “मॅडम, काय झालं?” काय सांगणार! भिंतीपलीकडे एका माणसाचं सगळं आयुष्य हळूहळू सुरात येत होतं.

धून निम्म्यावर आली आणि एक दिवस त्या मुलीचे वडील आले. चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. चपला बाहेर काढून बँडच्या खोलीच्या दारातच उभे राहिले; मीही तिथंच होते. “सर, पोरगी लई हुशार हाय. दहावीचं वर्ष हाय की. घरी येती ती दमून झोपती. तेवढं फुकायचं थांबवा, तुमच्या पाया पडतो.”

मला वाटलं, सर समजावतील. दोन महिने द्या, म्हणतील. सर पुढं झाले आणि त्यांचे हात धरले. “पाया कशाला पडता? बरोबर आहे तुमचं. उद्यापासून तिला वेळेवर घरी सोडतो.” आणि तिलाच नव्हे, दहावीच्या सगळ्यांनाच त्यांनी सोडून दिलं.

मी चिडले. “सर, दोन महिन्यांचा तर प्रश्न होता!”

“पगार बुडवून आला होता हो तो,” सर रुमालानं वाद्य पुसत म्हणाले. “त्याची एकच पोरगी आहे. माझी धून कुठं पळून जातीय?”

ती पळूनच चालली होती. मे अखेरीला ते निवृत्त व्हायचे होते. पण हे बोलायचं धाडस मला झालं नाही.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप आणि सरांचा सत्कार एकाच दिवशी ठेवला. भाषणं झाली, नारळ झाला, शाल झाली. आणि सरांना न विचारता दहावीची पोरं वाद्यं घेऊन पुढे आली. ती मुलगीही होती, आणि तिचे वडील मागच्या भिंतीला टेकून उभे होते. पोरांनी दुसरी धून सुरू केली. संथ, थोडी अडखळत, पण सगळ्यांनी मिळून. मान कलती करून सर खुर्चीतून सावकाश उठले आणि नुसतेच उभे राहिले. आणि जिथपर्यंत शिकवलं होतं तिथं येऊन धून थांबली. पुढचं कुणालाच येत नव्हतं. मुलं वाद्यं तोंडाशी धरून तशीच उभी. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

सरांनी घसा साफ केला. “छान झालं,” ते म्हणाले. “बाकीचं जूनमध्ये घेऊ.”

बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. ते एकदम खुर्चीत बसले आणि खांद्यावरची शाल मांडीवर घेऊन तिची घडी घालू लागले. ती घडी काही केल्या जमेना. शेवटी त्या मुलीनंच येऊन घालून दिली.

आता सर अकलूजला लेकीकडे असतात. बँडच्या खोलीत संगणक आलेत, अगदी शांत असतात बिचारे. माझं व्याकरण आता भिंतीपलीकडून कुणी अडवत नाही, आणि मला ते शिकवावंसं वाटत नाही. यंदा शाळा उघडली त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन केला. तब्येत, नातवंडं, उसाचे ट्रॅक्टर, सगळं बोलून झालं.

“मॅडम,” ते म्हणाले, “फोन जरा मैदानाकडे धरता का?”

मी व्हरांड्यात जाऊन हात लांब केला. मैदानात पोरं ओरडत होती, पडत होती, एकमेकांना हाका मारत होती. बऱ्याच वेळानं फोन कानाला लावला.

“आठवीच्या पोरांचे आवाज फुटायला लागलेत की हो!” सर म्हणाले. “ठेवू नका. अजून थोडं ऐकू द्या.”

घंटा झाली, पोरं वर्गाकडे पळाली, माझा तास सुरू झाला. मैदानात आता नुसती धूळ खाली बसत होती. तरी मी हात लांब करून तशीच उभी राहिले.