बटणाखालची सुई

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा निळा शर्ट माझ्या शिलाई मशीनच्या फळीवरच पडला होता. फोन करणारी त्याच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी. रडत होती बिचारी. सरांचं हृदय सकाळी काम करता करताच थांबलं, म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असा कसा गेला? शर्ट न्यायचा आहे ना त्याले." आता सव्वा महिना झाला, पण राग काही जात नाही. न सांगता उठून जायची त्याला खोडच होती...

धाकटा भाऊ माझा. शिकला जनावरांचा डॉक्टर व्हायला आणि जन्म घालवला उंदरांत. गावी करडीला आला की लोक म्हशी दाखवायला आणत, आणि हा हात जोडून सांगे, मी फक्त उंदरांची ऑपरेशनं करतो. शेजारचे फागोजी म्हणत, "मंग आमच्या कणगी-ढोलीतले घेऊन जाय ना बाप्पा, धान खाऊन फुगले आहेत चांगले."

कामाचं त्यानं मला बोडीच्या, आमच्या शेततळ्याच्या, पाळीवर उभं करून समजावलं होतं. पोटातलं रक्त एका मोठ्या शिरेनं यकृताकडे जातं. ती वाट अडली की मागं दाब चढतो. बोडीचं तोंड बुजलं की पाणी भलतीकडून फुटतं ना, तसं. माणसात ते अन्ननळीत फुटतं, रक्ताच्या उलट्या होतात. आमच्या आईला पहिली उलटी झाली तेव्हा हा शिकत होता. दारूचा थेंब न शिवलेली बाई, पण गावानं कुजबुजायचं ते कुजबुजलंच. तेव्हापासून यानं हाच विषय धरला. उंदरात तोच दाब मुद्दाम चढवायचा आणि त्यावर औषध शोधायचं.

पण शीर आवळली तर उंदीर मरत, सैल राहिली तर दाब चढत नसे. तोंड पाडून सुट्टीत आला. मी कोटाला बटण लावत होते. बटणाखाली जाड सुई आडवी ठेवायची, तिच्यावरून दोरा घ्यायचा, शेवटी सुई ओढून काढायची, म्हणजे तेवढी जागा सुटते. हा बघतच राहिला. "बाई, पुन्हा करून दाखव. आमच्या सरांनी हेच सांगितलं होतं, माझ्या हाताले समजून नव्हतं राहिलं." शिरेला लागून बोथट सुई ठेवायची, दोघींवर मिळून गाठ मारायची आणि सुई काढायची. सुईएवढीच वाट उरते. मग काय, पंधरा दिवस घरातल्या एकाही कपड्याचं बटण त्यानं सोडलं नाही. माझ्या लुगड्यालाही लावली असती!

आणि आईच्या तेरवीला हा माणूस आला नाही. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी बांधलेले उंदीर, त्यांचा दाब नेमका चौदाव्या दिवशी मोजायचा. फोनवर मी काय काय नाही बोलले! तो शांतपणे म्हणाला, "बाई, आज नाही मोजलं तं ते उंदीर फुकट मेले. आईसाठीच करून राहिलो ना." मी म्हटलं, मग त्यांचीही तेरवी तूच घाल. तो बोल मी त्याला दर दिवाळीला लावला. औषध काही हाती आलं नाही, हेही वर ऐकवलं.

शेवटचा आला तो निळ्या शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन. मी म्हटलं, एवढ्या बारक्या शिरा बांधतोस, बटण माझ्याकडे कायले? तूच लाव. बसला लावत. मान वर न करता म्हणाला, "बाई, तेरवीचा बोल अजून किती वर्षं लावशील?"

"मी मरेपर्यंत."

"मंग लय वर्षं ऐकायचं आहे मले."

तेवढ्यात भंडाऱ्याची एसटी आली आणि हा शर्ट फळीवर टाकून तसाच पळाला.

संध्याकाळी पाहते तर बटणाखाली सुई तशीच. प्रयोगशाळेतल्या पोरांना ओरडून सांगायचा, गाठ मारली की आधी सुई काढा, मग श्वास घ्या, नाहीतर जनावर गेलं. आणि स्वतः...? चांगला नवा बोल सापडला म्हणून मी मनात जपून ठेवला होता, पुढच्या खेपेसाठी.

सून म्हणते, कुणाच्या हाताला लागेल, काढून ठेवते. मी हात लावू देत नाही. तेरवीवरून आता काय बोलू? त्याच्या तेरवीला मीच जेवून आले. त्याच्यावर रागवायला एवढी एक सुई उरली आहे.