पाणी पायरीपर्यंतच येतं

हे मी माझ्या लेकीला सांगितलेलं नाही. 'आमच्या बाबांच्या पोटात काही राहत नाही,' असं ती सासरी कौतुकानं सांगते, आणि मी खाली मान घालून ऐकतो. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही उद्या माझ्या ओट्यावर येऊन बसणार नाही. दुसरं कारण नाही.

मी सांगलीचा, नदीकडच्या उपनगरातला. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक मिरजेला दिलेली. गल्लीत मला मास्तर म्हणतात, आणि मास्तर खोटं बोलत नाहीत असं लोक उगाचच धरून चालतात.

मागे मोठा पूर आला तेव्हा माझ्या घरात पाणी खिडकीच्या वर गेलं होतं. गाळ उपसून कंबरडं मोडलं. पण खरं सांगू? मला राग पाण्याचा आला नाही, लोकांचा आला. नातेवाईक, भाजीवाली, रिक्षावाला — जो तो म्हणायचा, 'मास्तरांचं ते पुरातलं घर.' पुरातलं! पगारातून वाचवून वाचवून बांधलेलं घर, आणि त्याला हे नाव? माझा स्वभाव मुळात तिखट. त्या दिवाळीला रंगारी बोलावला आणि भिंतीवरची पाण्याची खूण घासून काढायला लावली. घर रंगवणं हा काही गुन्हा नाही ना? असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

शेजारचा मोकळा प्लॉटही माझाच होता. गिऱ्हाइकं यायची, पाणी किती येतं विचारायची, खरं ऐकून निघून जायची. मग सुभेदार आले. साताऱ्याकडच्या गावचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी मंगलवहिनी अर्धांगाच्या झटक्यानंतर चाकाच्या खुर्चीवर होत्या. मिरजेचे दवाखाने जवळ पडावेत म्हणून त्यांना इथं घर बांधायचं होतं.

त्यांच्या इंजिनिअरनं पूररेषेचा नकाशा पसरला. लाल रेषा आमच्या गल्लीच्या अलीकडेच, नदीच्या बाजूला थांबली होती. नकाशा जुना होता, मोठ्या पुराच्या आधीचा. रेषेच्या आत असतो तर जोतं किती उंच घ्यायचं हे नियमानंच ठरलं असतं. आपण बाहेर आहोत, तेव्हा जुन्या माणसांना विचारा आणि तुमचं तुम्ही ठरवा, असं तो म्हणाला. सुभेदारांनी मला विचारलं.

"मास्तर, खरं सांगा. पानी कुठवर आल्तं? जोतं उंच घेतलं तर हिची खुर्ची चढायची न्हाई. बुटकं घेतलं तर हिला एकटीला अंगनात येता येतंय."

मी माझ्या ओट्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, खालच्या पायरीला लागलं होतं. तेवढंच.

का म्हणालो असं? प्लॉट विकायचा होता, हे तर झालंच. पण त्याहून जास्त — या माणसाच्या तोंडून मला 'पुरातलं' ऐकायचं नव्हतं. गल्लीतही कुणी मला खोडून काढलं नाही. कोण काढणार? सगळ्यांनाच आपापली घरं कधी ना कधी विकायची होती.

जोतं बुटकं झालं. वहिनी संध्याकाळी स्वतः चाकं ढकलत उतारावरून अंगणात यायच्या आणि मला हाक मारायच्या, "मास्तर, बगा, आले मी!" मी हात हलवायचो.

मग विम्याचा एजंट आला. घराच्या विम्यात पुराचंही घ्या म्हणाला. सुभेदार पुन्हा माझ्याकडेच. 'घ्या' म्हणालो असतो तर माझं काय जात होतं? पण मग पायरीचं काय सांगणार होतो? कशाला उगाच पैसे घालवताय, असं मी म्हणालो, आणि त्यांनी त्या एजंटला परत पाठवलं.

एवढंच असतं तर — तरीही वाईटच, पण ते एखाद्या दिवशी मी बोलून टाकलं असतं.

पुढे एका पावसाळ्यात नदी पुन्हा चढायला लागली. धरणातून पाणी सोडल्याचं दुपारी कळलं. मला मागच्या पुराचा अनुभव होता. बॅग भरली आणि लेकीकडे निघालो. फाटकाशी सुभेदार उभे होते.

"निघालासा?"

लेकीकडे जरा काम आहे, म्हटलं.

"जावा निवांत. घराकडं मी बगतो."

रिक्षात फोन माझ्या हातातच होता. मिरजेत पोचल्यावरही होता. काय बोलायचं होतं? बाहेर पडा, मी खोटं सांगितलं होतं. दुसरा भाग गाळला असता तरी चाललं असतं — नुसतं 'बाहेर पडा'. तेही मी बोललो नाही. पाणी आलंच नाही तर आपण फुकट उघडे पडू, असं माझ्या मनात होतं. हेच होतं, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट गल्लीत आली होती. सुभेदारांनी ती पुढे पाठवली. आधी दुसऱ्यांना न्या, इथं पाणी पायरीच्या वर येत नाही, मास्तरांनी सांगितलंय, असं म्हणाले. दुपारपर्यंत पाणी घरात भरलं. त्यांनी टेबलावर कॉट चढवली, वहिनींना वर निजवलं, आणि स्वतः छातीभर पाण्यात कॉट धरून उभे राहिले. बोट परत यायला पुढचा दिवस उजाडला. वहिनी भिजून गारठल्या होत्या. मिरजेच्या दवाखान्यात, छातीत कफ भरून, त्या गेल्या. मी तिथेच होतो, औषधं आणून देत होतो. मास्तर शेजाऱ्यांचं किती करतात, असं लोक म्हणाले. ते मी ऐकून घेतलं.

सुभेदार अजून शेजारीच राहतात. रोज सकाळी चहाला माझ्याकडे येतात. एक दिवस हा माणूस माझी गचांडी धरेल असं मला वाटायचं — वाट बघत होतो म्हणा ना. पण त्यांना संशय नाही. "ह्या येळचं पानीच लय निराळं हुतं," असं म्हणून उलट तेच माझी समजूत घालतात.

परवा त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, बोट मीच फुडं घालवली. मीच मारलं बगा हिला."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी विचारलं, चहा अजून थोडा घेणार का.

"वाईच द्या," ते म्हणाले. मी ओतला.